पीडीके गिअरबॉक्स आणि पॅडल शिफ्टर : क्लचची सवय असलेल्या हातापायांना नवं वळण कसं लावायचं?

सारथी_कोथरूड

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची पोर्शे ७१८ केमन आहे. २.० लिटर टर्बो, ७ गिअरचा पीडीके (पोर्शेचा दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स), स्पोर्ट क्रोनो (नॉर्मल, स्पोर्ट, स्पोर्ट प्लस असे मोड निवडायची सोय) असलेली. आजवर फक्त मॅन्युअल गाड्या चालवल्या आहेत, त्यामुळे गाडी कितीही चांगली असली तरी माझे हातपाय अजून जुन्याच गाडीत बसलेले आहेत. रस्ते म्हणाल तर आठवडाभर पुण्यातला ट्रॅफिक आणि सुट्टीला पहाटे ताम्हिणी किंवा पसरणी घाट.

अडचणी अशा :

१) डावं पॅडल (स्टिअरिंगमागचं गिअर बदलायचं पान) ओढूनही कधी कधी खालचा गिअर पडत नाही. कधी पडतो, कधी नाही. यात काही नियम आहे का?
२) गिअर बदलताना उजवा पाय अॅक्सिलरेटरवरून आपोआप उठतो आणि गाडी मान डोलावते.
३) घाटाच्या वळणात स्टिअरिंग फिरलेलं असताना कोणतं पॅडल कुठे गेलं तेच कळत नाही.
४) गाडी डी मध्ये (स्वयंचलित) असताना पॅडल ओढलं की थोडा वेळ माझं ऐकते आणि मग पुन्हा स्वतःच्या मनाने गिअर टाकते. हे असंच असतं का?
५) इंडिकेटर द्यायचा की गिअर पाडायचा, डाव्या हाताचा गोंधळ होतो.

'डी मध्ये ठेवा आणि विसरून जा' हे उत्तर कृपया नको. पॅडल नीट वापरायला शिकायचंच आहे.

---

घाटवाट

आधी पायांचं बघू, कारण हातांपेक्षा पाय जास्त घात करतात.

डावा पाय. क्लचची सवय मेंदूत नसते, पोटरीत असते. अचानक कुणी आडवं आलं की दोन्ही पाय एकदम खाली जातात. या गाडीत क्लचच्या जागी काही नाही, पण ब्रेकचं पेडल मॅन्युअल गाडीपेक्षा रुंद आहे आणि डाव्या पायाच्या आवाक्यात येतं. क्लच दाबायच्या जोराने ते दाबलं तर गाडी जागच्या जागी उभी राहते आणि मागचा दुचाकीवाला थेट डिकीवर येतो. म्हणून पहिले पंधरा दिवस गाडी सुरू करण्याआधीच डावी टाच डाव्या कोपऱ्यातल्या पायटेकणीवर घट्ट रोवा आणि उतरेपर्यंत तिथून हलवू नका. सीट एक खाच मागे घेतली तर गुडघा थोडा मोकळा होतो आणि पाय उचलायचा मोह कमी होतो. मात्र उजव्या पायाने ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, त्यापेक्षा मागे जाऊ नका.

उजवा पाय. मॅन्युअलमध्ये क्लच दाबताना रेस सोडणं बरोबर, कारण सोडली नाही तर इंजिन रिकामं ओरडतं. पीडीकेमध्ये दोन क्लच आहेत. एक सुटत असतानाच दुसरा पकडतो, मध्ये रिकामी जागा राहतच नाही. त्या क्षणापुरता इंजिनाचा जोर किती कमी करायचा तेही गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. त्याच वेळी तुम्हीही पाय उचललात की जोर दोनदा कमी होतो आणि पुढच्या क्षणी एकदम परत येतो. तुमची मान डोलते ती यामुळे. उपाय एकच : वरचा गिअर टाकताना पाय आहे तिथे ठेवायचा. उठवायचा नाही, दाबायचाही नाही.

सरावासाठी सकाळचा मोकळा सरळ रस्ता घ्या. एम मध्ये (गिअर आपण टाकायचे तो मोड) टाका, साधारण पाव पेडल दाबून धरा आणि १ ते ४ गिअर फक्त उजव्या पॅडलने टाका. बूट पातळ तळाचा असू द्या, म्हणजे पाय उठतोय का ते तळव्याला कळतं. तीस-चाळीस वेळा केलंत की झटका गेलेला असेल.

हात पावणेतीनच्या स्थितीत, म्हणजे घड्याळात पावणेतीन वाजले की काटे असतात तसे समोरासमोर. दहा-दोनच्या जागी हात ठेवले तर पॅडल बोटांच्या खाली राहतात आणि दरवेळी शोधावे लागतात. अंगठा आडव्या दांडीवर टेकवा, तर्जनी आणि मधलं बोट पॅडलमागे सैल सोडा. ओढून लगेच सोडायचं, दाबून धरायचं नाही.

---

दातेरी_चक्र

पहिल्या प्रश्नाला नियम आहे, आणि तो नुसत्या भागाकाराचा आहे. या पीडीकेची गिअर गुणोत्तरं अशी :

पहिला ३.९१, दुसरा २.२९, तिसरा १.६५, चौथा १.३०, पाचवा १.०८, सहावा ०.८८, सातवा ०.६२.

खालचा गिअर टाकला की आरपीएम किती वर जाणार हे एका गुणोत्तराला दुसऱ्याने भागलं की कळतं.

७ वरून ६ : १.४२ पट
६ वरून ५ : १.२३ पट
५ वरून ४ : १.२० पट
४ वरून ३ : १.२७ पट
३ वरून २ : १.३९ पट
२ वरून १ : १.७१ पट

इंजिनाची लाल रेषा, म्हणजे आरपीएमची कमाल मर्यादा, ७,५०० वर. तिसऱ्यात ५,५०० वर असताना डावं पॅडल ओढलंत तर दुसऱ्यात ७,६०० च्या वर जावं लागेल, म्हणून गाडी ऐकणार नाही. ५,००० वर ओढलंत तर साधारण ६,९५० होतात, तिथे ऐकेल. पाचवरून चारला मात्र ६,००० वर ओढलं तरी ७,२०० च होतात. 'कधी पडतो, कधी नाही' असं तुम्हाला वाटतं ते यामुळेच : प्रत्येक जोडीची मर्यादा वेगळी आहे. वरच्या गिअरांमध्ये पायऱ्या जवळजवळ आहेत, तिथे नकार क्वचित येतो. ३-२ आणि २-१ ला जास्त वेळा येतो.

एकदा नकार मिळाला की ती मागणी गाडी लक्षात ठेवील या भरवशावर राहू नका. आरपीएमचा काटा खाली येऊ द्या आणि पुन्हा ओढा. चिडून तीनदा खटखट ओढलंत तर वेग उतरल्यावर नको तेवढे गिअर पडतात. नवशिक्यांकडून सर्वांत जास्त होणारी चूक ती हीच.

म्हणून क्रम असा : आधी ब्रेक, मग गिअर. ब्रेकने वेग कमी झाला की आरपीएम आपोआप मर्यादेत येतात आणि पॅडल पहिल्याच ओढीला लागतं. गिअर पाडून वेग कमी करायचा आणि ब्रेक नंतर, ही सवय असेल तर ती सोडावी लागेल. रेस देऊन आरपीएम जुळवायचं काम गाडी स्वतः करते, त्यासाठी टाच-चवडा (एकाच पायाने ब्रेक आणि रेस) काही करायची गरज नाही.

पहिला गिअर चालत्या गाडीत पॅडलने टाकूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. १.७१ पट म्हणजे दुसऱ्यात ३,००० असतील तर पहिल्यात ५,१००. मागच्या चाकांना एवढा झटका देऊन हाती काही येत नाही. थांबायला आल्यावर गाडी स्वतः पहिल्यावर येते, एम मध्येसुद्धा.

आता वरच्या दिशेने. या इंजिनाचा ३८० न्यूटन-मीटर टॉर्क १,९५० ते ४,५०० आरपीएमच्या पट्ट्यात पूर्ण मिळतो, आणि ३०० हॉर्सपॉवर ६,५०० वर. रोजच्या चालवण्यात वरचा गिअर अशा वेळी टाका की काटा १,९५० च्या खाली पडणार नाही. १ वरून २ ला साधारण ३,४०० वर टाकलंत तर जवळपास २,००० वर उतरता. २ वरून ३ ला ३,००० वर टाकलंत तर २,१५० च्या आसपास. हेच २,२०० वर टाकलं तर १,६०० वर येता, टर्बो झोपलेला असतो, गाडी जड वाटते आणि दोष गिअरबॉक्सला दिला जातो. जोरात जायचं असेल तर ६,८००-७,००० च्या पुढे खेचत बसण्यात फायदा नाही, ताकद ६,५०० वर होऊन गेलेली असते. नैसर्गिक श्वासाच्या (टर्बो नसलेल्या) जुन्या सहा सिलिंडर इंजिनांवरून आलेले लोक इथे उगाच लाल रेषेपर्यंत वाट बघतात.

---

नेकरकाठचा

श्टुटगार्टच्या बाजूला राहतो आणि याच गिअरबॉक्सशी रोजचा संबंध आहे, म्हणून चौथा आणि तिसरा प्रश्न घेतो.

डी मध्ये पॅडल ओढणं ही तात्पुरती सूचना आहे. गाडी काही सेकंद तुमचं ऐकते आणि मग परत स्वयंचलित होते. हा दोष नाही, तशीच रचना आहे. वळणात असताना किंवा रेस सोडून गाडी स्वतःच्या वेगाने धावत असताना ती सहसा तुमचा गिअर धरून ठेवते, सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगात आलात की परत घेते. तेव्हा एखादाच ओव्हरटेक किंवा एखादाच उतार असेल तर डी + पॅडल पुरे. सलग पाच-दहा किलोमीटर घाट असेल तर गिअरचा दांडा एम मध्ये घ्या. डी मध्ये राहून दर दहा सेकंदांनी गाडीशी भांडत बसणं हा सगळ्यांत वाईट पर्याय.

एम मध्ये असल्यावर दोन गोष्टी. एक, आरपीएम फार खाली गेले तर गाडी स्वतःच खालचा गिअर टाकते, इंजिन बंद पडू देत नाही. दोन, स्पोर्ट प्लस मध्ये आणि एम मध्ये असताना लाल रेषेला गाडी वरचा गिअर स्वतः टाकत नाही, लिमिटरवर (आरपीएम रोखणाऱ्या मर्यादेवर) अडकून बसते. ओव्हरटेकच्या मध्यावर हे झालं तर जोर एकदम तुटतो आणि समोरून ट्रक येत असतो. म्हणून रस्त्यावर एम वापरताना नॉर्मल किंवा स्पोर्ट पुरेसं आहे.

नॉर्मल मध्ये आणखी एक गोष्ट असते ती अनेकांना ठाऊक नसते. रेस पूर्ण सोडली की पीडीके काही वेळा क्लच सोडून देतो आणि गाडी तरंगत जाते, आरपीएमचा काटा थेट आयडलला येतो. इंधन वाचवायला हे ठीक. उतारावर मात्र त्या क्षणी इंजिनाचा ब्रेक शून्य असतो. डावं पॅडल एकदा ओढलं की तरंगणं थांबतं आणि इंजिन पुन्हा जोडलं जातं. घाट उतरताना पॅडलचा पहिला उपयोग हाच.

वळणातल्या गोंधळाबद्दल : ७१८ चे पॅडल स्टिअरिंगला बसवलेले आहेत, त्याच्याबरोबर फिरतात. हात न हलवता पावणेतीनला धरून जेवढं फिरवता येतं तेवढ्यात, म्हणजे साधारण पाव फेरीत, डावा हात डाव्याच पॅडलवर असतो आणि प्रश्न येत नाही. हेअरपिनला (जवळजवळ उलट फिरवणाऱ्या वळणाला) हात बदलावे लागतात तेव्हा पॅडल उलटे होतात. तिथे पॅडल शोधूच नका. गिअर वळणाआधी टाकून मोकळं व्हायचं आणि स्टिअरिंग सरळ होईपर्यंत तोच ठेवायचा. अगदीच बदलायची वेळ आली तर एम मधला दांडा वापरा, तो जागा सोडत नाही. भारतात उजव्या बाजूचं स्टिअरिंग असल्याने तो डाव्या हाताशी येतो.

दांड्याची दिशा मात्र पाठ करा : ७१८ मध्ये मागे ओढला की वरचा गिअर, पुढे ढकलला की खालचा. याआधीच्या ९८१ केमनमध्ये हे नेमकं उलट होतं. दोन्ही गाड्या चालवणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. आताची दिशा शरीराच्या कलाशी जुळते : ब्रेक मारताना अंग पुढे जातं तेव्हा दांडा पुढे, वेग घेताना अंग मागे जातं तेव्हा मागे.

---

घाटवाट

पाचव्या प्रश्नाचं राहिलं होतं. युरोपीय गाडी असल्यामुळे इंडिकेटरची दांडी डावीकडे आहे. आधीची गाडी मारुती, ह्युंदाई, होंडा यांपैकी असेल तर तुमची बोटं उजवीकडे जातात आणि वायपर चालू होतो. तो गोंधळ आठवड्यात जातो. खरा प्रश्न असा की आता डाव्या हाताकडे तीन कामं आली : इंडिकेटर, डावं पॅडल आणि एम चा दांडा. तिन्ही एकदम करू नयेत.

क्रम : वळणाच्या पुरेसं आधी इंडिकेटर, हात परत पावणेतीनवर, ब्रेक, मग डावं पॅडल. ब्रेक चालू असताना इंडिकेटरची दांडी चाचपडलीत तर गिअर उशिरा पडणार आणि वळणात शिरल्यावर पडणार. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत नेमकं तेच टाळायचं असतं.

---

सारथी_कोथरूड

केवढं नेमकं लिहिलंत. भागाकाराचा तक्ता छापून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो. 'कधी पडतो, कधी नाही' याचं कोडं सुटलं : मी सतत तिसऱ्यातून दुसऱ्यात ब्रेकच्या आधी पाडत होतो.

दोन गोष्टी आणखी. दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेकला डी मध्ये पेडल तळापर्यंत दाबणं बरं की पॅडल? आणि पावसाळ्यात ताम्हिणीला काय वेगळं करायचं?

---

दातेरी_चक्र

ओव्हरटेकला पॅडल, निःसंशय. कारण वेळेचा हिशेब. पेडल तळापर्यंत दाबता तेव्हा गाडी आधी ठरवते किती गिअर पाडायचे, मग पाडते, मग टर्बो भरतो. हे सगळं तुम्ही उजवीकडे बाहेर आल्यानंतर होतं. पॅडलने तेच काम पुढच्या गाडीच्या मागे असतानाच उरकता येतं.

सातव्यात २,००० आरपीएमवर चालला आहात असं धरा. एकदा ओढलंत की सहाव्यात २,८५० च्या आसपास, दोनदा ओढलंत की पाचव्यात ३,५००, तीनदा ओढलंत की चौथ्यात ४,२००. टॉर्कचा पट्टा ४,५०० ला संपतो. पाचव्यात तुम्ही पट्ट्याच्या मधोमध आहात आणि पुढे भरपूर जागा आहे. चौथ्यात जोर जास्त मिळेल, पण पाचव्यापेक्षा लवकर वरचा गिअर टाकावा लागेल, तोही कदाचित ट्रकच्या बरोबरीत असताना. लांबलचक कंटेनर असेल आणि रस्ता लांबवर मोकळा दिसत असेल तर चौथा, एरवी पाचवा.

क्रम : अंतर राखा, दोनदा ओढा, काटा ३,५०० वर स्थिरावलेला बघा, समोरचा रस्ता पुन्हा बघा, मग इंडिकेटर देऊन बाहेर या आणि रेस द्या. काटा स्थिर होण्याआधी बाहेर येऊ नका. रस्ता मोकळा नसेल तर काही बिघडलं नाही, डी मध्ये असाल तर गाडी थोड्या वेळाने स्वतःच वर जाईल.

तुमच्याकडे स्पोर्ट क्रोनो आहे, म्हणजे स्टिअरिंगवरच्या मोडच्या गोल बटणाच्या मध्यभागी स्पोर्ट रिस्पॉन्सचं बटण असणार. ते दाबलं की २० सेकंद गाडी योग्य गिअर धरून पूर्ण तयारीत राहते. पॅडलची सवय पक्की होईपर्यंत ओव्हरटेकला ते वापरायला हरकत नाही. पण त्याच्यावर विसंबलात तर काटा वाचायची सवय लागणार नाही, आणि पॅडल शिकणं म्हणजे मुळात काटा वाचायला शिकणं आहे.

---

मुळशी_मान्सून

पावसाळ्याचं मी लिहितो, कारण याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही.

खालचा गिअर पडताना इंजिनाचे आरपीएम चाकांशी जुळलेले नसतील तर तो फरक मागचे टायर सोसतात. पीडीके जुळवतो, तरी गिअर पडल्यावर इंजिनाचा ओढा मागच्याच चाकांवर येतो. कोरड्या रस्त्यावर जाणवतही नाही. ताम्हिणीत जुलैमध्ये रस्त्यावर पाणी, शेवाळ आणि डोंगरातून आलेली लाल माती असते. तिथे वळणाच्या मध्यात ३-२ केलंत तर मागची बाजू हलते. गाडीची स्थैर्यप्रणाली मदत करते, पण ती चूक झाल्यावर मदत करते.

पावसात म्हणून : मोड नॉर्मल. स्पोर्ट प्लस मध्ये गिअर जास्त झटक्याने लागतात, तो झटका इथे नको. कोरड्यात जो गिअर वापराल त्यापेक्षा एक वरचा. सगळे गिअर वळणाआधी, स्टिअरिंग सरळ असताना, आणि एका वेळी एकच. दोनदा ओढायची गरज पडली तर मध्ये एक श्वास जाऊ द्या. वळणातून निघताना वरचा गिअरही स्टिअरिंग बरंचसं सरळ झाल्यावरच टाका, कारण दुसऱ्यात पूर्ण टॉर्क ओल्या रस्त्यावर सहज जास्त होतो.

हे सगळं गरम टायरला लागू. सकाळी निघाल्यापासून पहिले काही किलोमीटर टायर थंड असतात, तेवढा वेळ पॅडलला हातच लावू नका. इंजिनाचंही तेच. कूलंट लवकर गरम होतं, ऑइल उशिरा. या गाडीत ऑइलचं तापमान दिसतं, ते ८० अंशांच्या वर जाईपर्यंत आरपीएम ४,००० च्या आत ठेवा. थंड ऑइलवर डावं पॅडल दोनदा ओढून कोथरूड डेपोजवळ आवाज काढणं इंजिनाच्या मुळावर येतं.

---

स्तंभावरचे_पान

विषयाला थोडं जोडून. तिसऱ्या प्रश्नाचं मूळ बनवणाऱ्यांच्या दोन विचारांत आहे.

एक विचार : पॅडल स्टिअरिंगच्या खांबाला, न फिरणारे. फेरारी, लॅम्बोर्गिनी, अल्फा रोमिओ जुलिया यांत असं असतं. उजवं पान नेहमी उजवीकडेच मिळतं, हात कुठेही असोत. पान लांब लागतं आणि हात बदलताना बोटं सोडावी लागतात. दुसरा विचार : पॅडल चाकाबरोबर फिरणारे. पोर्शे, बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन याच बाजूचे. हात न सोडता चालवणाऱ्याला हे सोपं. निसान जीटी-आर आधी खांबाला पॅडल लावत असे, २०१७ च्या आवृत्तीत ते चाकावर आणले. त्यामुळे कुठला विचार बरोबर यावर निकाल नाही, पण एका प्रकारच्या गाडीची सवय दुसऱ्या प्रकारात नेऊ नये.

ही सगळी कल्पना शर्यतीतून आली. १९८९ च्या ब्राझील ग्रां प्रीमध्ये फेरारी ६४० स्टिअरिंगमागच्या पानांसह उतरली आणि नायजेल मॅन्सेलने पहिल्याच शर्यतीत ती जिंकवली. जॉन बर्नार्डने ती रचना केली. गिअरचा दांडा आणि त्याची जोडणी गेल्यामुळे चालकाची जागा अरुंद करता आली. रस्त्यावरच्या गाडीत ती १९९७ मध्ये फेरारी एफ३५५ मधून आली. त्या पिढीतल्या गाड्यांत एकच क्लच होता. बीएमडब्ल्यू ई४६ एम३ चा एसएमजी गिअरबॉक्सही तसाच. तिथे वरचा गिअर टाकताना पाय किंचित सैल करावाच लागतो. आजच्या एएमटी (एकच क्लच यंत्राने दाबणाऱ्या) गाड्यांनाही तेच लागू. पाय सोडावा की नाही यावर इंटरनेटवर दोन्ही सल्ले सापडतात, ते दोन्ही आपापल्या गिअरबॉक्सपुरते खरे आहेत. दोन क्लचवाल्याला सोडू नका, एक क्लचवाल्याला सोडा.

दोन्ही पॅडल एकत्र ओढणं हा तिसरा गोंधळ. फेरारीत न्यूट्रल होतं. पोर्शे ९९१ जीटी३ मध्ये पीडीकेचे क्लच सुटतात, मॅन्युअलचा क्लच दाबल्यासारखे. तुमच्या साध्या ७१८ मध्ये तसली सोय नाही, त्यामुळे व्हिडिओ बघून करून पाहू नका. फोक्सवॅगन गटाच्या डीएसजी (दोन क्लचच्या) गाड्यांत उजवं पॅडल दाबून धरलं की डी मध्ये परत जाता येतं, तेही इथे गृहीत धरू नका.

---

वायरिंगवाला_पिंपरी

वापरलेली गाडी आहे म्हणून पॅडलच्या तपासणीचं लिहितो. गाडी उभी, इंजिन चालू, ब्रेक दाबलेला, एम मध्ये. दोन्ही पॅडल दहा-दहा वेळा ओढा. प्रत्येक वेळी खट्ट असा स्पष्ट टप्पा लागला पाहिजे आणि दोन्ही बाजूंचा जोर सारखा लागला पाहिजे.

चालवताना एकच पॅडल काम करत नसेल आणि दांड्याने गिअर नीट पडत असतील तर गिअरबॉक्स ठीक आहे, त्या पॅडलचा छोटा स्विच गेला आहे. दोन्ही पॅडल, हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणं एकत्र गेली किंवा स्टिअरिंग ठरावीक कोनात आलं की मरतात, तर स्टिअरिंगमागच्या गुंडाळलेल्या पट्टीवर, म्हणजे क्लॉक स्प्रिंगवर संशय घ्या. एअरबॅगची तार तिथूनच जाते, त्यामुळे बहुधा एअरबॅगचा दिवाही लागतो. या दोन्ही कामांना एअरबॅग उतरवावी लागते. बॅटरी सोडवून, ठरलेला वेळ थांबून, जाणत्यानेच करायचं काम आहे ते. घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका.

ऑनलाइन मिळणारी चिकटवायची लांब पानं लावू नका असं सुचवीन. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात दुहेरी टेप सुटते, पान निम्मं लोंबतं, आणि लांबी जास्त असेल तर इंडिकेटरची दांडी वर-खाली करताना डावं पान ओढलं जातं. नको तेव्हा गिअर पडण्याचं कारण मग गिअरबॉक्समध्ये शोधत बसतात.

---

नेकरकाठचा

पुण्यातल्या ट्रॅफिकबद्दल एक राहिलं. सिग्नलला आणि मुंगीच्या गतीत डी मध्येच ठेवा, पॅडलला काम देऊ नका. पीडीकेचे क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात, कोरड्या क्लचपेक्षा उष्णता जास्त सोसतात, तरीही इंचाइंचाने सरकणं म्हणजे क्लच सतत निम्मा सुटलेला. पुढच्या गाडीला एक-दीड गाडीएवढी जागा सोडू द्या आणि मग एकदाच पुढे जा. चढावर रेस देऊन गाडी जागच्या जागी तोलू नका, ब्रेक धरा.

आणि घाटातून शहरात परतलात की दांडा डी कडे न्यायला विसरू नका. लक्षात राहत नसेल तर मीटरमधला गिअरचा आकडा बघायची सवय लावा : सिग्नल सुटला की एकदा, स्पीडब्रेकर गेला की एकदा.

---

सारथी_कोथरूड

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक : पसरणी घाट वाईकडे उतरताना नेमका कोणता गिअर? ब्रेक गरम होऊन वास येऊ नये एवढीच इच्छा.

---

घाटवाट

चढताना जो गिअर, उतरतानाही तोच, हा जुना नियम इथेही चालतो, फक्त एक बदल करून. तुमचं इंजिन अवघं २.० लिटरचं आहे. रेस सोडल्यावर मोठ्या इंजिनाएवढं ते गाडीला धरून ठेवत नाही. चढताना टर्बोच्या जोरावर तिसरा पुरतो, उतरताना वळणांपाशी तोच तिसरा कमी पडतो.

पाचगणी सोडलं की एम. सरळ उतारावर तिसरा, काटा ३,००० ते ४,००० मध्ये राहील असा वेग. नॉर्मल मध्ये असाल तर आरपीएम आयडलला पडले नाहीत ना ते बघा. हेअरपिन दिसलं की सरळ असतानाच ठाम ब्रेक, काटा ४,५०० च्या खूप खाली आला की एकदा डावं पॅडल, दुसरा गिअर. वळण पूर्ण होईपर्यंत पॅडलला हात नाही. बाहेर पडून स्टिअरिंग सरळ झालं की उजवं, तिसरा. ब्रेक सतत हलका धरून ठेवू नका, ठाम मारा आणि पूर्ण सोडा, म्हणजे डिस्कला दोन वळणांच्या मध्ये थंड व्हायला वेळ मिळतो. दुसऱ्यात काटा ५,००० च्या आसपास ओरडत राहिला तर घाबरू नका, ७,५०० पर्यंत बरीच जागा आहे आणि रेस सोडलेल्या इंजिनावर भारही नसतो.

मागे एसटी लागली असेल तर बाजूला थांबून तिला आधी जाऊ द्या. तिच्या चालकाला तो उतार तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे.